तिसरा आठवडा

आजाराचं नाव कळल्यावर आईबाप जे विचारतात ते थोड्याफार फरकाने सारखंच असतं. बरा होईल ना, किती दिवस राहावं लागेल, खर्च किती येईल. पंधरा-सोळा वर्षांचं मूल वेगळंच काही विचारतं, आणि तेही डॉक्टरांना विचारत नाही. आई चहा आणायला गेलीय, वडील योजनेच्या कागदांसाठी खिडकीवर उभे आहेत, असं बघून ते सिस्टरला, मावशींना, नाहीतर माझ्यासारख्या शिकवणाऱ्या बाईला हळूच विचारतं, "माझं वर्ष जाणार का?" वर्ष म्हणजे दहावीचं.

परळमध्ये कर्करोगाच्या मुलांना शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मी साताऱ्याच्या बोलीत ऐकला, बीडच्या ऐकला, आगरीत ऐकला, हिंदीतही ऐकला. मोठी माणसं बहुतेक वेळा त्यावर चिडतात. जिवावर बेतलंय आणि ह्याला परीक्षा सुचते, असं म्हणतात. मला तो प्रश्न कधीही पोरकट वाटलेला नाही. शेजारची खाट रिकामी झालेली त्या मुलानेही पाहिलेली असते. त्याच्या डोक्यात मरणाचा विचार येतच नाही असं समजू नये. पण त्या बाबतीत त्याच्या हातात काही नसतं. सुई कधी टोचायची, काय खायचं, कोणाला भेटायचं, हे सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं. दहावी ही एकच गोष्ट अशी उरते की जिच्यात त्याने स्वतः काही केलं तर फरक पडतो.

मी मूळची गिरणगावातल्या शाळेतली गणित-विज्ञानाची शिक्षिका. निवृत्तीनंतर रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने बोलावलं म्हणून गेले. सुरुवातीला लहान मुलांना चित्रं, गाणी, बेरजा-वजाबाक्या असंच चालायचं. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की दहावीचा अभ्यासक्रम इथे बाईंनाच येतो. तेव्हापासून मोठी मुलं माझ्या वाट्याला आली. परळच्या एवढ्याशा भागात वाडिया, केईएम आणि टाटा ही तिन्ही रुग्णालयं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. टाटा मेमोरियल 1941 साली सुरू झालं आणि तेव्हापासून देशभरातून माणसं इथे येतात. उपचार महिनोन्महिने चालतात, पण खाटेवर राहावं लागतं ते थोडेच दिवस. बाकीचा काळ कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, कोणी नातेवाइकांच्या खोलीत, कोणी जागा मिळेपर्यंत फुटपाथवरही काढतं. त्यामुळे माझा वर्ग एका जागी कधीच नसतो. डे-केअरमधल्या सलाइनच्या खुर्चीशेजारी, धर्मशाळेच्या जिन्यात, आणि बऱ्याचदा फोनवर.

ह्या वयाच्या मुलांची एक अडचण कोणी फारशी बोलून दाखवत नाही. मुलांच्या विभागाच्या भिंतींवर छोटा भीम असतो, खेळायला ठोकळे असतात, सिस्टर "बाळा" म्हणतात. ओठावर मिसरूड फुटलेला मुलगा तिथे अंग चोरून बसतो. मोठ्यांच्या विभागात गेला तर शेजारी पन्नाशीचे तंबाखूचे रुग्ण असतात. तो कुठलाच नसतो. त्याच्या वयाची माणसं त्याच्या गावातल्या वर्गात बसलेली असतात आणि तो वर्ग त्याच्यावाचून पुढे चाललेला असतो.

सातारा जिल्ह्यातला एक मुलगा मला कायम आठवतो. कबड्डी खेळायचा. दहावीची शाळा सुरू झाली त्याच सुमाराला गुडघ्याच्या वर दुखायला लागलं. खेळताना मार लागला असेल म्हणून तेल लावून चोळलं, मग हाड बसवणाऱ्याकडे नेलं. हे असंच घडतं, कारण हाडाचा ऑस्टिओसार्कोमा नावाचा कर्करोग नेमका उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात, आणि बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास होतो. त्या वयातल्या मुलाला गुडघा दुखतो म्हटल्यावर कोणाच्या मनात कर्करोग येणार? पण रात्री झोपेतून उठवणारं, विश्रांती घेऊनही न थांबणारं दुखणं चोळत बसू नये, एक्स-रे काढावा, हे इथे लिहून ठेवते. त्याचा एक्स-रे तालुक्याला निघाला तोवर सूज बाहेरून दिसायला लागली होती. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि सांगितलं, मुंबईला न्या, आजच निघा.

मुलगा आणि वडील आले. आई मागे राहिली, घरी दोन म्हशी आणि धाकटी बहीण. वडिलांना तो बापू म्हणायचा. बापू मला पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, पोराचं वरीस गेलं म्हणायचं का?" म्हटलं, इतक्यात काही म्हणू नका. आधी डॉक्टर वेळापत्रक काय देतात ते बघू.

ह्या आजारात आधी तीनेक महिने केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो असा साधारण क्रम असतो. केमोची एक सायकल बहुधा तीन आठवड्यांची. पहिला आठवडा उलट्यांचा. त्यात पुस्तकाचं नाव काढायचं नाही, नुसता वास आला तरी मुलांना ओकारी येते, छापील पानाचासुद्धा. दुसऱ्या आठवड्यात काउंट खाली येतात, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या कमी होतात की साधा जंतूही जीव घेऊ शकतो. त्या दिवसांत मी जवळ जात नाही. फोनवर बोलते, तेही थोडं. इतिहासाचा एखादा भाग वाचून दाखवते, मराठीतल्या उताऱ्यावर गप्पा मारते. ताप शंभरच्या वर गेला की सगळं जागच्या जागी सोडून टॅक्सी करायची आणि कॅज्युअल्टी गाठायची, हे मुलालाही पाठ झालेलं असतं. तिसऱ्या आठवड्यात काउंट वर चढू लागतात, तोंडातले फोड भरतात, भूक लागते. तो आठवडा आमचा. वर्गात जे शिकवायला पंधरवडा लागतो ते आम्ही त्या सहा-सात दिवसांत उरकतो, आणि मुलं ज्या भुकेने गणितं सोडवतात ती भूक मी शाळेत क्वचितच पाहिली. पुढच्या सायकलच्या आदल्या दिवशी रक्त तपासायला जातानासुद्धा रांगेत उभं राहून सूत्रं घोकणारी मुलं पाहिली आहेत.

म्हणून मी सुरुवातीलाच फाईलमधला केमोचा तक्ता उतरवून घेते आणि त्याच्यावर अभ्यासाचा तक्ता बसवते. भूमितीतली प्रमेयं तिसऱ्या आठवड्यात, भाषा दुसऱ्या आठवड्यात, पहिला आठवडा कोरा. आईबापांना हे पटवून द्यावं लागतं, कारण काही जण पहिल्याच आठवड्यात "जरा वाच रे, मन रमेल" म्हणून मागे लागतात, आणि काही जण तिसऱ्या आठवड्यात "आता बरं वाटतंय तर पड जरा" म्हणून पुस्तक काढून घेतात. दोन्ही मायेपोटीच.

साताऱ्याच्या ह्या मुलाबरोबर बीजगणितातला संभाव्यतेचा धडा चालला होता. फासे, नाणी, बावन्न पत्त्यांतून काढलेलं पान. तो भराभर सोडवत होता. मध्येच पेन ठेवून म्हणाला, "बाई, डॉक्टर बापूंना म्हणाले, शंभरातली साठ-सत्तर पोरं बरी होतात. हे पण ह्याच धड्यातलं ना?"

म्हटलं, हो, ह्याच धड्यातलं.

"मग माझं किती?"

मी विषय बदलला असता तर त्याने पुन्हा मला कधीच काही विचारलं नसतं. मी सांगितलं की हा आकडा ज्यांचा आजार दुसरीकडे पसरलेला नाही अशा पुष्कळ मुलांना एकत्र धरून काढलेला आहे, आणि तो एकट्या तुझ्याबद्दल पूर्ण सांगू शकत नाही. पण तुझ्याबद्दल जास्त सांगणारी एक तपासणी पुढे व्हायची आहे. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आधीच्या औषधांनी तिच्यातल्या किती पेशी मेल्या ते मोजतात. शंभरात नव्वद किंवा जास्त मेल्या असतील तर औषध चांगलं लागू पडलं असं समजतात. तो रिपोर्ट आला की डॉक्टरांना तू स्वतः विचार. त्याने वहीच्या शेवटच्या पानावर 'नव्वद' असं लिहून ठेवलं आणि पुढचं उदाहरण घेतलं.

बापू नंतर जिन्यात मला म्हणाले की पोराला असलं सांगायला नको होतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण रिपोर्टच्या दिवशी मुलाने खरोखरच विचारलं, आणि डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून, बापूंकडे नव्हे, त्याला उत्तर दिलं. आकडा नव्वदच्या वर होता. त्या दिवसापासून डॉक्टर काही सांगायचं असलं की त्यालाच सांगू लागले, आणि बापूंच्या खांद्यावरचं ओझंही हलकं झालं असं मला दिसलं. इतके महिने ते एकटेच दोन्ही बाजूंनी लपवत होते, पोरापासून आजार आणि घरच्यांपासून पोराची हालत.

शिकवताना आजार बाजूला ठेवावा असं काही जणांचं म्हणणं असतं. माझा अनुभव उलटा आहे. आवर्तसारणी शिकवताना मी त्याला दाखवलं की अणुअंक 78 म्हणजे प्लॅटिनम, आणि तुझ्या सलाइनमधल्या सिस्प्लॅटिनमध्ये तेच आहे. मग त्याला बाकीच्या औषधांचंही कुतूहल वाटू लागलं. सिस्प्लॅटिनने काहींना बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. ते त्याला आपणहून जाणवलं, घड्याळाचा गजर ऐकू येत नाही म्हणून त्याने डॉक्टरांना सांगितलं, आणि कानाची तपासणी झाली. विज्ञानाच्या पुस्तकाने एवढं केलं तरी पुष्कळ.

बीडच्या एका मुलीची गोष्ट वेगळी. तिला रक्ताचा कर्करोग होता, ल्युकेमियाचा जो प्रकार मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो. त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, पहिले काही महिने फार कडक आणि मग रोजच्या गोळ्यांचा लांब पल्ला. वडील ऊसतोडीला जाणारे, आई तिच्याजवळ. त्यांनी गावात सांगितलं होतं की पोरगी मुंबईला मावशीकडे शिकायला ठेवलीय. शाळेलाही तेच. मी विचारलं, शाळेपासून का लपवता? आई म्हणाली, "बाई, गावात कळलं तर उद्या हिला कोण करून घेईल?"

ह्यावर रागावून चालत नाही. त्या बाईने जे पाहिलं त्यावरून ती बोलत होती. पण लपवल्याचा परिणाम असा झाला होता की शाळेच्या हजेरीपटावर ती विनाकारण गैरहजर मुलगी होती, आणि तिचं नाव कमी व्हायच्या बेताला आलं होतं. मुलगा दहावीत अडकला तर घरचे म्हणतात एक वर्ष गेलं. मुलीची दहावी हुकली की शाळाच सुटते, आणि तिकडच्या कित्येक घरांत शाळा सुटलेल्या मुलीचं पुढचं ठरलेलं असतं. हे तिलाही ठाऊक होतं. तिने एकदाच, केस गळून गेलेल्या डोक्यावरचा रुमाल नीट करत मला सांगितलं, "बाई, मला बरं झाल्यावर घरी बसायचं नाही." आईला मी तेवढंच सांगितलं, की मुलीने हे सांगितलंय. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने वर्गशिक्षकांचा नंबर आणून दिला.

सर भले निघाले. त्यांनी वर्गात आजाराचं नाव घेतलं नाही, पण रोज संध्याकाळी एका मुलीच्या वहीचे फोटो व्हॉट्सॲपवर येऊ लागले. कधी कधी फोटोच्या कोपऱ्यात त्या मुलीने लिहिलेली वर्गातली बातमीही असायची, कोणाला शिक्षा झाली, सहल कुठे ठरली. अभ्यासापेक्षा ती बातमी आधी वाचली जायची.

ल्युकेमियात व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध देतात. ते सदाफुलीपासून मिळतं. त्यांच्या अंगणात सदाफुली आहे हे तिने सांगितलं तेव्हा आमचा पेशीविभाजनाचा धडा चालला होता. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढून नेणारे जे तुर्कतंतू असतात ते ह्या औषधाने तयारच होत नाहीत, म्हणून कर्करोगाची पेशी विभागताना अडते. ती आकृती तिने इतक्यांदा काढली की पुढे परीक्षेत तोच प्रश्न यावा म्हणून मीच मनातून वाट बघत होते. पण ह्याच औषधाने मज्जातंतूही दुखावतात. बोटं बधिर होतात, मुंग्या येतात. तिच्या हातातून पेन सुटायला लागलं. एका पानाला जिथे दहा मिनिटं लागायची तिथे अर्धा तास लागू लागला, आणि अक्षर असं यायला लागलं की तिलाच ते बघवेना.

भूमितीतल्या रचनांचा तर प्रश्नच मोठा. प्लेटलेट खाली असताना कंपासचं टोक बोटात रुतणं परवडत नाही. मग मी कंपास धरायची आणि ती सांगायची. केंद्र ओ घ्या, तीन सेंटिमीटर त्रिज्या, वर्तुळाबाहेर बिंदू पी, ओपी जोडा, मध्यबिंदू काढा. मी मुद्दाम चुकीचं काढत असे आणि ती ओरडत असे. पुढे लेखनिक घ्यायचं ठरलं तेव्हा ही सवय कामी आली. लेखनिकाला सांगून पेपर लिहिणं हे वेगळं कसब आहे, मुलं ते न शिकता थेट परीक्षेला बसतात आणि गोंधळतात. "कंसात एक्स अधिक दोन, कंस पूर्ण, त्याचा वर्ग" असं सलग, न अडखळता सांगायला सराव लागतो. लेखनिक खालच्या इयत्तेचा असावा लागतो. बोटांच्या बधिरपणाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शाळेचा अर्ज, विभागीय मंडळाची परवानगी, अशा सगळ्या पायऱ्या असतात, आणि त्या परीक्षेच्या कितीतरी आधी चढाव्या लागतात.

आता शाळांबद्दल बोलायलाच हवं. नियमांनी माझी अडवणूक झाली असं फारसं घडलेलं नाही. आजारपणामुळे हजेरी कमी पडली तर वैद्यकीय कागद जोडून सूट मागता येते. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं चुकली तर नंतर घेण्याची सोय असते. मुख्य परीक्षेत काही पेपर देता आले नाहीत तर पुरवणी परीक्षा आहे, पूर्वी ती ऑक्टोबरात व्हायची, 2015 पासून निकालानंतर लगेच होते. हे सगळं आहे, पण त्यासाठी शाळेने एक अर्ज लिहायचा असतो आणि तो पाठवायचा असतो. तिथे गाडं अडतं. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाई, आमचा शंभर टक्के निकाल आहे. ह्याला 17 नंबरचा फॉर्म भरायला सांगा ना, बाहेरून बसू दे." तो मुलगा पहिलीपासून त्याच शाळेत होता. तापातून उठून त्याने मला पहिलं विचारलं होतं की शाळेत वर्गाचा ग्रुप फोटो काढलाय त्यात माझी जागा कोणी घेतली. शिवाय 17 नंबरच्या फॉर्मची मुदत सहसा बरीच आधी संपते, हे मुख्याध्यापकांना माहीत नव्हतं असं मी मानत नाही. एका आजारी मुलाच्या दहावीपेक्षा फलकावरचा आकडा ज्याला मोठा वाटतो त्याने शाळा चालवू नये, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांना सांगितलंही. शेवटी संस्थाचालकांपर्यंत गेलो, फॉर्म नियमित विद्यार्थी म्हणूनच भरला गेला.

छोट्या छोट्या गोष्टी ऐनवेळी मोठ्या होतात. हॉलतिकिटावरचा फोटो दोन वेण्यांचा असतो आणि परीक्षेला आलेल्या मुलीला केस नसतात, स्टिरॉइडने चेहरा सुजलेला असतो. केंद्रावर ओळख पटवायला उभं करून ठेवतात, सगळ्या वर्गासमोर. आता मी फॉर्म भरतानाच डॉक्टरांचं पत्र करून घेते, त्यावर अलीकडचा फोटो आणि रुग्णालयाचा शिक्का. मास्क हा इतरांना काही होऊ नये म्हणून नाही, त्या मुलीला इतरांकडून काही होऊ नये म्हणून आहे, आणि कर्करोग शेजारी बसल्याने लागत नाही, हे पर्यवेक्षकांना आणि वर्गातल्या मुलांच्या पालकांनाही कोणीतरी आधी सांगायला लागतं. नाहीतर बाकं सरकवली जातात. मुलं ते विसरत नाहीत.

प्रत्येक मूल परीक्षेपर्यंत पोचत नाही. रायगडचा एक मुलगा होता, त्याचा आजार फुप्फुसात पसरला. डॉक्टरांनी घरच्यांना बसवून सांगितलं की आता औषधाने फायदा नाही, त्रास कमी करण्याचे उपचार करू, घरी घेऊन जा. निघताना त्याने भूगोलाचं पुस्तक मागून घेतलं. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील असे दोन देश शेजारी ठेवून शिकवतात, आणि हा फुटबॉलवेडा असल्यामुळे ब्राझील त्याचा. घरी गेल्यावरही त्याने तास बंद केला नाही. मी फोनवर वाचायची, तो ॲमेझॉनच्या खोऱ्याबद्दल, तिथल्या पावसाबद्दल विचारायचा. त्याचे काका मला म्हणाले, "आता कशाला बाई, उगीच त्याला शीण." मी मुलालाच विचारलं. तो म्हणाला, उद्या पण वाचा. काही दिवसांनी तोच म्हणाला, "आता पुरे, बाई." आणि मी थांबले. तो फेब्रुवारीत गेला. त्याला शिकवण्यात काय अर्थ होता असं मला विचारणारे भेटतात. तो शेवटपर्यंत दहावीतला मुलगा होता, नुसता रुग्ण झाला नाही. त्याच्यासाठी मी एवढंच करू शकत होते आणि तेवढं केलं.

उलट बाजूही सांगायला हवी. काही मुलांना यंदा परीक्षा नको असते. एक मुलगी वर्गात पहिली येणारी. नातेवाइकांचा आग्रह, बसच, पास तर होशील. तिला नुसतं पास व्हायचं नव्हतं. ती म्हणाली, पुढच्या वर्षी नीट देईन. सगळ्यांना वाटलं ती खचली. मला वाटलं ती फार विचार करून बोलतेय, आणि मी तिच्या बाजूने उभी राहिले. परीक्षेला बसवणं हे काही पुण्यकर्म नाही. बसायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या मुलाचा आहे, आणि तो त्याला वापरता यावा म्हणून फॉर्म भरलेला असायला हवा. फॉर्म भरून परीक्षेला न बसणं शक्य असतं. न भरलेल्या फॉर्मवर बसणं शक्य नसतं.

साताऱ्याच्या मुलाच्या मांडीच्या हाडाचा तेवढा भाग गाठीसकट काढून तिथे धातूचा सांधा बसवला, पाय वाचला. परीक्षेच्या दिवसांत त्याची केमो चालूच होती. डॉक्टरांनी सायकल दोन-तीन दिवस मागेपुढे केली, त्याहून जास्त सरकवायला ते तयार नव्हते आणि ते बरोबरच होतं. त्यामुळे गणित आणि विज्ञान तिसऱ्या आठवड्यात आले, बाकीचे पेपर त्याने जुलैत दिले. केंद्रावर त्याला तळमजल्यावर बाक मिळालं, पाय लांब ठेवायला पुढे स्टूल. तो पास झाला आणि तालुक्याला अकरावीला गेला. कबड्डी आता खेळता येत नाही, मांडी घालून बसताही येत नाही. तपासणीला येतो तेव्हा भेटतो. बीडच्या मुलीने सगळे पेपर लेखनिक घेऊन मार्चमध्येच दिले. तिला पंचावन्नच्या आसपास टक्के पडले. गोळ्या चालू असतानाच तिने अकरावीला नाव घातलं, आणि तिच्या आईने गावात आजाराचं नाव आता सांगितलंय.

हे वाचणाऱ्यांत कोणी मुख्याध्यापक, वर्गशिक्षक असतील तर त्यांना माझी विनंती आहे. दहावीतलं एखादं मूल सलग दिसेनासं झालं तर नाव कमी करण्याआधी घरी फोन करा, आणि जे उत्तर मिळेल त्यावर लगेच समाधान मानू नका. आजार असेल तर वैद्यकीय कागद मागवून घ्या आणि हजेरीचा अर्ज तुम्हीच लिहा, त्या बापाला रुग्णालयातून गावी खेटे घालायला लावू नका. परीक्षेचा फॉर्म मुदतीत भरा, फी थकली असेल तर ती नंतर बघता येईल. लेखनिक लागेल का, तळमजला लागेल का, हे दिवाळीच्या आत विचारा. वर्गातल्या एखाद्या मुलाला रोज वहीचे फोटो पाठवायला सांगा. आणि परीक्षा द्यायची की नाही, हे त्या मुलाला स्वतःला विचारा, त्याच्या आईबापांसमोर विचारा, आणि तो सांगेल ते करा.